चुडिच आणि लेटर-विंग्ड काइट: दर्जा एक, दुखणं वेगळं

प्रश्न असा आहे: चुडिच हा ऑस्ट्रेलियातला पोटाला पिशवी असलेला मांसाहारी सस्तन प्राणी आणि लेटर-विंग्ड काइट ही तिथलीच रात्री शिकार करणारी घार. आययूसीएन म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटना. तिच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत, दोघांनाही 'निअर थ्रेटन्ड', म्हणजे संकटसमीप, हा एकच दर्जा मिळालेला आहे. मग या दोघांची तुलना कशी करायची आणि जास्त काळजी कोणाची करायची?

थोडक्यात उत्तर आधी देतो. चुडिच आज जिथे टिकून आहे, तिथे त्याला बऱ्याच अंशी माणसाने धरून ठेवलेलं आहे. धरलेला हात सोडला की तो खाली जाणार, हे जवळपास ठरलेलं आहे. घारीला कोणीच धरलेलं नाही. ती पावसाबरोबर आणि उंदरांबरोबर वर जाते आणि त्यांच्याबरोबरच कोसळते. त्यामुळे चुडिचबद्दल विचारायचं ते 'उपाय पुढेही चालू राहील का?', आणि घारीबद्दल विचारायचं ते 'कोसळल्यावर तळाशी किती उरतात?'. आकडे शेजारी शेजारी मांडून 'याचे इतके, तिचे तितके' अशी तुलना केली, तर निष्कर्ष हमखास चुकतो.

आधी दर्जाबद्दल, कारण गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. 'असुरक्षित' म्हणजे व्हल्नरेबल या दर्जाला ठरलेले आकडे आहेत: दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ जास्त असेल त्यात, 30 टक्के घट; किंवा 10,000पेक्षा कमी प्रौढ प्राणी आणि सोबत सततची घट; किंवा सरळ 1,000पेक्षा कमी प्रौढ. संकटसमीप या दर्जाला असा स्वतःचा एकही आकडा नाही. वरच्या एखाद्या निकषाच्या जवळ पोचलेली, पण तो पूर्ण न करणारी जात इथे येते. संवर्धनाचे उपाय थांबले तर पाचेक वर्षांत 'असुरक्षित' होईल, अशी जातही इथेच येते. म्हणजे या एका कप्प्यात वेगवेगळ्या दारांनी आलेल्या जाती एकत्र बसलेल्या असतात. म्हणून नुसता दर्जा वाचून थांबू नका. मूल्यांकन कोणत्या वर्षी झालं आणि कोणता निकष जवळ आल्यामुळे दर्जा मिळाला, हे दोन्ही पाहा. दहा वर्षांहून जुनं मूल्यांकन आययूसीएन स्वतःच 'अद्ययावत करण्याची गरज' या खुणेने दाखवते. शिवाय देशाची यादी वेगळं सांगू शकते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय पर्यावरण कायद्याखाली चुडिच 'असुरक्षित' आहे, जागतिक यादीत मात्र संकटसमीप.

आता चुडिच. हा क्वोल या ठिपकेदार, पिशवीवाल्या मांसाहारी प्राण्यांच्या गणातला, शास्त्रीय नाव डॅस्युरस जॉफ्रोई. नराचं वजन साधारण 1.3 किलो, मादीचं 0.9 किलो. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, शेपटीवर मात्र ठिपके नाहीत आणि तिच्या टोकाकडच्या अर्ध्या भागावर काळा झुपका. एके काळी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीच्या सुमारे 70 टक्के भागात तो होता. अगदी मध्यातल्या कोरड्या प्रदेशातही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो तिथून संपला आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मुख्यतः जाराह वृक्षांच्या जंगलात, उरला.

त्या कोपऱ्यातच का उरला, याचं उत्तर बरंचसं तिथल्या वनस्पतींमध्ये आहे. गॅस्ट्रोलोबियम गणातल्या तिथल्या झुडपांत फ्लुओरोअॅसिटेट हे विष नैसर्गिकरीत्या असतं. ती झुडपं खाणारे स्थानिक प्राणी, आणि त्या प्राण्यांना खाणारे शिकारी, हजारो वर्षांत या विषाला बऱ्यापैकी सरावले. युरोपातून आणलेले कोल्हे आणि मांजरं सरावलेली नाहीत. याच विषाचं सोडियमयुक्त रूप म्हणजे 1080 या नावाने ओळखलं जाणारं रसायन. 1996पासून पश्चिम ऑस्ट्रेलियात चालू असलेली वेस्टर्न शील्ड मोहीम त्याच्यावर उभी आहे. वाळवलेल्या मांसाची किंवा सॉसेजसारखी आमिषं विमानातून टाकली जातात; कोल्ह्यांसाठी दर चौरस किलोमीटरला पाच, बहुतेक ठिकाणी वर्षातून चार वेळा.

इथलं गणित बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण पुष्कळ जण 'चुडिचला 1080 बाधत नाही' असं म्हणून मोकळे होतात. ते खरं नाही. कोल्ह्यासाठी मारक मात्रा दर किलो वजनाला साधारण 0.13 मिलिग्रॅम. पाच किलोच्या कोल्ह्याला 0.65 मिलिग्रॅम पुरतं आणि आमिषात असतं 3 मिलिग्रॅम, म्हणजे चौपटीहून जास्त. चुडिचसाठी हाच आकडा दर किलोला सुमारे 7.5 मिलिग्रॅम आहे. 0.9 किलोच्या मादीला 6.75 मिलिग्रॅम लागेल, म्हणजे कोल्ह्याची दोन आमिषं पूर्ण खाऊनही ती त्या आकड्याच्या खालीच राहते. पण हा आकडा म्हणजे निम्मे प्राणी मरतील अशी मात्रा. तिच्या खालच्या प्रत्येक मात्रेला सुरक्षित समजायचं नसतं. मांजरांसाठीच्या आमिषात 4.5 मिलिग्रॅम असतं, ते मऊ असतं आणि दर चौरस किलोमीटरला 50 टाकलं जातं. तिथे हीच मादी दीड आमिषात त्या रेषेवर पोचते. नुकतंच आईपासून सुटलेलं, अर्ध्या किलोच्या आसपासचं पिल्लू तर एका आमिषातच. म्हणून मांजरांची आमिषं कधी टाकायची हे ठरवताना चुडिचचं वार्षिक चक्र समोर ठेवावंच लागतं.

ते चक्र असं. एप्रिलअखेर ते जुलै मीलन. गर्भकाळ 16 ते 18 दिवस. मादीला सहा स्तनाग्रं, म्हणून जास्तीत जास्त सहा पिल्लं वाढू शकतात. प्रत्यक्षात दोन ते सहा. साधारण 61 दिवसांनी पिल्लं पिशवीत मावेनाशी होतात आणि आई त्यांना बिळात ठेवून शिकारीला जाते. 23-24 आठवड्यांनी दूध सुटतं आणि नोव्हेंबरच्या सुमारास पिल्लं पांगतात. वर्षाची झाली की प्रजननक्षम. जंगलात तीन वर्षांपेक्षा जास्त जगणारा चुडिच विरळा. म्हणजे एका मादीच्या हातात दोन, फार तर तीन हंगाम. एक हंगाम वाया गेला की तिच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त गेला. घारीशी तुलना करताना ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण घार थांबून वाट पाहू शकते, चुडिच नाही.

राहण्यासाठी त्याला पोकळ ओंडके आणि बिळं लागतात, आणि एकदोन नाही. मादी वर्षभरात आपल्या हद्दीतली डझनावारी आश्रयस्थानं आलटून पालटून वापरते. जंगल नकाशावर हिरवं दिसत असतं, पण तीव्र आगीत किंवा सरपणासाठी पडलेले ओंडके गेलेले असतात आणि तिथे चुडिच टिकत नाही. उपग्रहाच्या चित्रावरून 'अधिवास शाबूत' असा शेरा मारताना ही चूक सर्रास होते. याशिवाय रस्त्यावर गाडीखाली येणं, कोंबड्यांच्या खुराड्यात शिरल्याने मारलं जाणं, उघड्या टाक्यांत बुडणं हेही आहेच. पण मुख्य शत्रू कोल्हा आणि मांजर.

मांजराचा मुद्दा दक्षिण ऑस्ट्रेलियात चांगला स्पष्ट झाला. 2014च्या एप्रिलमध्ये इकारा-फ्लिंडर्स रेंजेस राष्ट्रीय उद्यानात पश्चिमेकडून आणलेले चुडिच सोडायला सुरुवात झाली. तिथे बाउन्सबॅक कार्यक्रमातून 1992पासून कोल्ह्यांवर काम झालेलं होतं आणि कोल्हे अगदी कमी उरले होते. तरीही सोडलेले चुडिच मेले ते मुख्यतः मांजरांच्या तोंडी. मेलेल्या प्राण्याच्या जखमांवरून घेतलेल्या लाळेच्या डीएनएने मारेकरी ओळखता येतो. नुसते दातांचे ठसे पाहून ठरवलं तर कोल्हा आणि मांजर यांची गल्लत होऊ शकते. त्यानंतर मांजरांना सापळे लावणं आणि रात्री बंदुकीने टिपणं वाढवलं गेलं. उद्यानात जन्मलेल्या पिल्लांनी पुढे स्वतः पिल्लं घातली, तेव्हा ती वसाहत खऱ्या अर्थाने धरली. आययूसीएनचा नियमही हाच आहे: पुन्हा सोडलेल्या प्राण्यांना जगतील अशी पिल्लं झाल्याशिवाय त्यांना प्रौढांच्या संख्येत धरत नाहीत. त्यामुळे 'इतके सोडले' हा आकडा तुलनेच्या तक्त्यात कधीही घालू नका.

उपायावर अवलंबून असलेल्या जातीचं काय होऊ शकतं, हे पाहायचं तर त्याच जंगलातल्या वॉयली या छोट्या, कांगारूच्या नात्यातल्या प्राण्याकडे पाहा. कोल्ह्यांवरच्या नियंत्रणामुळे तो इतका वाढला की 1996मध्ये त्याला धोक्यातल्या जातींच्या याद्यांतून काढलं गेलं. त्यानंतरच्या दशकात त्याची संख्या सुमारे 90 टक्क्यांनी घसरली आणि 2008मध्ये तो आययूसीएनच्या यादीत थेट 'अति संकटग्रस्त' झाला. आमिषं टाकणं तर चालूच होतं. कोल्हे कमी झाल्यावर मांजरांना मोकळं रान मिळालं, हे त्यातलं एक मोठं कारण मानलं जातं. चुडिच वॉयलीसारखा कोसळलेला नाही. पण त्याच्यासमोरचा 'संकटसमीप' हा शब्द वाचताना वॉयलीचा आलेख शेजारी ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

आता घार. एलानस स्क्रिप्टस. आपल्याकडची कापशी याच एलानस गणातली, त्यामुळे चण डोळ्यांसमोर आणणं सोपं आहे: 35 सेंटिमीटरच्या आसपास लांबी, वजन साधारण 300 ग्रॅम, मादी थोडी जड. पाठ फिकी राखाडी, पोट पांढरं, डोळे लाल, खांद्यावर काळा डाग. ओळखीची खरी खूण पंखाखाली असते. अंगापासून मनगटाच्या सांध्याकडे जाणारी जाड काळी रेघ असते आणि दोन्ही पंख पसरले की इंग्रजी एम किंवा डब्ल्यूचा आकार दिसतो.

ही घार दिवसा झाडांत थव्याने विसावते आणि अंधार पडला की शिकारीला निघते. दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांच्या कुळात इतकी पक्की निशाचर दुसरी नाही. कारण तिचं भक्ष्य रात्रीचं आहे: मुख्यतः लांब केसांचा उंदीर, रॅटस विलोसिसिमस, आणि सोबतीला वाळवंटातले इतर लहान उंदीर. आयर सरोवराचं खोरं, क्वीन्सलँडच्या नैर्ऋत्येचा चॅनल कंट्री, बार्कली पठार. जॉर्जिना, डायमंटिना आणि कूपर क्रीक या नद्यांचे भेगाळणारे मातीचे पूरपट्टे आणि त्यांवरचं मिचेल गवत. हे घारीचं आणि या उंदराचं घर.

उंदरांचं गणित असं चालतं. दुष्काळात ते ओल टिकून राहणाऱ्या थोड्या आश्रयजागांत आकसून बसतात. सलग चांगला पाऊस झाला, गवताला बी आलं, की वाढ सुरू होते. गर्भकाळ जेमतेम तीन आठवडे, एका वेताला सरासरी सहा-सात पिल्लं, कधी बारापर्यंत. काही महिन्यांत सगळा मुलूख उंदरांनी भरतो. 2010 ते 2012च्या ओल्या वर्षांत असा उद्रेक झाला, आणि 2023च्या अखेरीला तर उंदीर थेट उत्तरेकडच्या कारुम्बा बंदराच्या किनाऱ्यापर्यंत पोचले होते. या काळात घार जे करते ते शिकारी पक्ष्यांत दुर्मीळ आहे: वसाहत करून घरटी बांधते, बहुधा चार-पाच अंडी घालते, महिनाभर उबवते, पुढच्या साधारण महिन्याभरात पिल्लं उडायला लागतात, आणि भक्ष्य टिकून असेल तर लगेच पुढची वीण. ऋतूचं बंधन नाही. उंदीर आहेत तोवर वीण चालू.

मग पाऊस ओसरतो आणि उंदीर काही महिन्यांतच जवळपास नाहीसे होतात. त्या वेळी आकाशात घारींची संख्या सर्वांत जास्त असते आणि त्यात बहुसंख्य कोवळ्या, पहिल्याच वर्षाच्या. त्या चहूकडे पांगतात. किनाऱ्यालगत, जिथे एरवी कधी दिसत नाहीत, तिथे दिसू लागतात. पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी अचानक वाढतात आणि नकाशावर जात 'पसरलेली' दिसते. हीच या जातीच्या अभ्यासातली सर्वांत मोठी फसगत. त्या नोंदी वाढीच्या नाहीत, उपासमारीच्या आहेत. किनाऱ्यावर पोचलेल्या बहुतेक घारी परतत नाहीत. प्रसारक्षेत्र मोजताना भरकटलेल्या पक्ष्यांच्या नोंदी वगळायच्या असतात, आणि या जातीत तो नियम काटेकोरपणे पाळला नाही तर क्षेत्र कितीतरी फुगतं.

संख्येलाही हेच लागू. दहापटीहून जास्त चढउतार होत असेल तर आययूसीएन त्याला 'अतितीव्र चढउतार' म्हणते आणि अशा जातीची संख्या धरताना सरासरी न घेता खालच्या बाजूचा अंदाज घ्यायला सांगते. कारण सरळ आहे: पुढच्या उद्रेकाची बीजं त्या तळाशी उरलेल्या पक्ष्यांतच असतात. वरच्या टोकाला हजारो घारी असल्या आणि तळाशी शेकड्यांत उरल्या, तर जातीचं नशीब त्या शेकड्यांवर ठरतं. एखादी आग, एखादी लांबलेली कोरड किंवा आश्रयजागांवरचा चराईचा ताण तेव्हाच घाव घालतो.

चराई इथे महत्त्वाची का? दुष्काळात गुरं आणि ससे नेमके त्याच ओलसर सखल भागांत जमतात, जिथे उंदीर दडून बसलेले असतात. गवताचं आच्छादन गेलं, खुरांनी मातीच्या भेगा आणि बिळं दबली, की उंदरांचा साठा आणखी आटतो. मांजरं तिथेही आहेत आणि उंदरांच्या उद्रेकात तीही वाढतात; उंदीर संपल्यावर ती उरतात आणि राहिलेलं सगळं खात सुटतात. अॅस्ट्रेब्ला डाउन्स राष्ट्रीय उद्यानात मांजरं मारण्याची मोठी मोहीम चालते ती मुख्यतः बिल्बी या लांब कानांच्या, पिशवीवाल्या छोट्या प्राण्यासाठी, पण घारीच्या भक्ष्यालाही तिचा फायदा व्हावा. मात्र पश्चिमेतली विमानातून आमिषं टाकण्याची पद्धत उचलून इथे तशीच लावता येत नाही. इथल्या प्राण्यांना त्या विषाची तेवढी सवय नाही, आणि उंदरांचा सुकाळ असताना भरल्या पोटी मांजर आमिषाला तोंडही लावत नाही.

मोजणी कशी करायची, यावर थोडं सविस्तर, कारण तुलनेतले आकडे तिथूनच येतात.

चुडिचसाठी जुनी पद्धत म्हणजे पिंजरे. 50 पिंजरे, दोन पिंजऱ्यांत 200 मीटर अंतर, चार रात्री. त्यातून 200 पिंजरा-रात्री मिळतात. आमिष शेंगदाण्याचं लोणी, ओट्स आणि सार्डिन मासे यांचा गोळा, किंवा चुडिचसाठी खास कोंबडीचा तुकडा. पिंजऱ्यावर गोणपाट टाकायचं, उजाडल्यावर लगेच फेरी पूर्ण करायची, प्राणी जाड गडद कापडी पिशवीत सरकवायचा आणि डोकं झाकलेलंच ठेवायचं. राज्याच्या वन्यजीव विभागाचा परवाना आणि प्राणी-नीती समितीची मंजुरी यांशिवाय यातलं काहीही करायचं नाही. पिंजऱ्यांची ही रांग जवळपास दहा किलोमीटर लांब होते. मादीची हद्द 3-4 चौरस किलोमीटर, म्हणजे गोल धरली तर दोन किलोमीटर व्यासाची. सगळी रांग जेमतेम पाच माद्यांच्या हद्दीतून जाते. '2 टक्के पकड' याचा अर्थ चार वेळा प्राणी सापडला, आणि ते दोनच प्राणी दोनदा आलेले असू शकतात. अशा आकड्यावरून पुढच्या वर्षी 'संख्या दुप्पट झाली' म्हणणं धाडसाचं आहे. पिल्लं बिळात ठेवून आई फिरते त्या काळात, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, पिंजरे लावणं टाळा. आई रात्रभर अडकली तर पिल्लं उपाशी राहतात.

म्हणून आता कॅमेरा सापळे जास्त वापरले जातात. प्रत्येक चुडिचचे ठिपके वेगळे असतात, त्यावरून प्राणी ओळखता येतो. कॅमेरा जमिनीपासून 30-40 सेंटिमीटरवर, गंधाचं आमिष दीड-दोन मीटरवर भोकं पाडलेल्या पीव्हीसी नळीत बंद करून, एका वेळी तीन चित्रं, मध्ये विश्रांतीचा वेळ शून्य. दोन कॅमेऱ्यांत साधारण एक किलोमीटर ठेवलं तर एका मादीच्या हद्दीत तीन-चार कॅमेरे येतात, आणि स्थळानुसार पकड-पुनर्पकड गणितासाठी, म्हणजे ओळखलेला प्राणी पुन्हा कुठे कुठे दिसला यावरून घनता काढण्यासाठी, एवढं लागतंच. नराची हद्द सुमारे 15 चौरस किलोमीटर असते, म्हणून सगळं जाळं त्याहून बरंच मोठं हवं. नाहीतर कडेने ये-जा करणारे नर आतले समजून घनता फुगते. नेहमीची चूक म्हणजे एकाच कुशीचं चित्र मिळणं. डाव्या कुशीचा 'क' आणि उजव्या कुशीचा 'ख' हे एकच जनावर असू शकतं. समोरासमोर दोन कॅमेरे लावा, किंवा विश्लेषणाला एकच कूस घ्या.

घारीला यातलं काही चालत नाही. तिला शोधायचं दिवसा, कोरड्या प्रवाहांच्या काठच्या कूलिबा झाडांच्या रांगांत. दाट पानांच्या झाडाखाली पांढरी विष्ठा आणि केसांचे गोळे दिसले की वर पाहायचं. गोळे नीट तपासा, कारण उंदरांच्या उद्रेकात गव्हाणी घुबडंही त्याच भागात जमतात. घुबडाच्या गोळ्यात कवट्या आणि हाडं बहुतेक शाबूत निघतात. घारीचं पोट हाडं जास्त विरघळवतं, गोळ्यात मोडके तुकडे आणि केसच जास्त. दुसरी गल्लत ब्लॅक-शोल्डर्ड काइटशी. तिच्या पंखाखाली लांब रेघ नसते, मनगटापाशी फक्त छोटा काळा ठिपका असतो आणि पंखाच्या टोकाची पिसं खालून गडद दिसतात. बसलेल्या पक्ष्याच्या दुरून काढलेल्या चित्रावरून नोंद पक्की करू नका. पंखाची खालची बाजू दिसलीच पाहिजे.

मोजायची वेळ संधिप्रकाशाची, थवा उठतो तेव्हा. दोन-तीन निरीक्षक वेगवेगळ्या बाजूंना, झाडापासून लांब, शांत बसलेले. अंड्यांवर बसलेल्या माद्या उठत नाहीत, म्हणून घरटी वेगळी मोजायची. पण घरटी गुणिले दोन म्हणजे एकूण संख्या नव्हे, कारण वीण न करणारे पक्षी त्याच झाडांत असतात. मोजणीच्या सोयीसाठी दिवसा झाड हलवून थवा उठवण्याचा मोह मात्र आवराच. घरटी उघडी पडतात, अंडी आणि लहान पिल्लं उन्हात भाजतात आणि मोठ्या घारी दिवसाच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांच्या तावडीत सापडतात.

आता मूळ प्रश्न, काळजी कोणाची जास्त? तातडी चुडिचची आहे. आयुष्य तीन वर्षांचं, दरवर्षी एकच वीण आणि नियंत्रण सैल होताच वाढणारे दोन शत्रू. पैसा अडला, आमिषांच्या काही फेऱ्या चुकल्या, तर परिणाम दोन-तीन वर्षांतच दिसू लागेल. पण त्याच्या बाबतीत काय करायचं हे माहीत आहे, ते केल्यावर गुण येतो हे दाखवून झालेलं आहे, आणि दूरच्या ठिकाणी नव्या वसाहतीही उभ्या राहिल्या आहेत. खर्च केलेल्या पैशाचं फळ इथे नक्की मिळतं.

घारीच्या बाबतीत तातडी कमी वाटते, पण मला ती जास्त अवघड जात वाटते. तिला पिंजऱ्यात वाढवून सोडण्यात अर्थ नाही; उंदीर नसतील तर सोडलेली घार मरणारच, आणि उंदीर असतील तर ती स्वतःच भराभर वाढते. कुंपण घालून वाचवता येत नाही, कारण ती शेकडो किलोमीटर फिरते. हातात आहे ते एवढंच: दुष्काळातल्या आश्रयजागा ओळखणं, तिथे कोरड्या वर्षांत चराई हलकी ठेवणं, मांजरं कमी ठेवणं. आणि हे काम करायचं ते घार दिसत नसताना, म्हणजे त्याबद्दल कोणालाच उत्साह नसताना.

तक्ता करायचाच असेल तर 'एकूण संख्या' हा रकाना काढून टाका. त्याऐवजी हे ठेवा: गेल्या दोन उतारांत तळाची संख्या किती होती, मादीला आयुष्यात वीण करायच्या किती संधी मिळतात, उपाय थांबला तर परिणाम दिसायला किती वर्षं लागतात, आणि उपाय कोणाच्या हातात आहे. चुडिचसाठी दरवर्षी, त्याच जागी, त्याच महिन्यात मोजा. एक वर्ष गाळलं तर घसरण उशिरा कळते. घारीसाठी दरवर्षीच्या ठरावीक मोजणीचा फारसा उपयोग नाही. तिथे पाऊस आणि गवताच्या हिरवेपणाची उपग्रहावरची नोंद वर्षभर पाहत राहा, ठरलेल्या जागी लहान सापळे लावून उंदरांचा अंदाज घेत राहा, उद्रेकात वसाहती नकाशावर टिपून ठेवा, आणि उंदीर कोसळल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात त्याच सगळ्या झाडांवर पुन्हा जाऊन मोजा. तेव्हा मिळेल तो आकडा तक्त्यात लिहायचा, शून्य आला तरी.